सप्ताह कमिटीस खुलं पत्र: हेलिकॉप्टर राहू द्या, पहारेकरी द्या

प्रति,
अध्यक्ष, खजिनदार आणि समस्त पंच,
अखंड हरिनाम सप्ताह कमिटी,
मुक्काम आपलं गाव, तालुका खेड, जिल्हा पुणे

रामकृष्ण हरी.

एकादशीला पारावर मिटिंग झाली, तिचा सगळा तपशील रात्री जेवताना आमच्या घरी कळला. पुढच्या चैत्रातला सप्ताह पन्नासावा, म्हणून सुवर्णमहोत्सव. वेशीपासून देवळापर्यंत सात कमानी, दोन एलईडी स्क्रीन, सातही दिवस नाववाले कीर्तनकार आणि काल्याच्या दिवशी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी. हेलिकॉप्टर उतरवायचं कुठे यावर म्हणे अर्धा तास खल झाला, कारण उतरण्याजोगं मोकळं शेत आता गावात फारसं उरलेलं नाही. पहाऱ्याचा, म्हणजे सप्ताहभर रात्रंदिवस आळीपाळीने गळ्यात वीणा घेऊन देवापुढे उभं राहण्याचा विषय निघाला का, असं मी विचारलं. नाही निघाला. मिटिंगला बायकांना बोलवायची आपल्यात रीत नाही, म्हणून पत्र लिहिते. आणि खुलं लिहिते, कारण बंद पाकिटातलं पत्र खजिनदार भावजींच्या ड्रॉवरमध्ये जातं आणि तिथेच समाधी घेतं.

मागच्या सप्ताहातली चौथी रात्र आठवा. आठवा म्हणते खरी, पण तुमच्यातलं तिथे कुणी नव्हतंच. आळंदीहून पहाऱ्यासाठी जी पोरं बिदागी ठरवून आणली होती, त्यातल्या एकाला तापाने घेरलं. बाकीची दिवसभर काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तनाला टाळ धरून पार पेंगुळलेली. माझं घर देवळाला लागून. रात्री दीडच्या सुमाराला वीणेचा आवाज मध्येच थांबायला लागला, तशी मी चहा करून घेऊन गेले. बघते तर वीणा आमच्या मागच्या चाळीत खोली घेऊन राहणाऱ्या परभणीकडच्या पोराच्या गळ्यात. सेकंड शिफ्ट सुटली, कंपनीच्या बसने फाट्यावर सोडलं, घरी जाता जाता दर्शनाला आला, आणि पहाऱ्यावरच्या पोराचे डोळे मिटताना पाहून त्याने नळावर पाय धुतले आणि उभा राहिला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, त्या ओळखपत्राच्या फितीवरच वीणेचा पट्टा. काकड्याला माणसं येईपर्यंत तो हलला नाही. मग पुढचा पहारेकरी त्याच्या पाया पडला, हा त्याच्या पाया पडला, आणि वीणा खाली न टेकता या गळ्यातून त्या गळ्यात गेली. घोट दोन घोट चहा पिऊन हा झोपायला गेला.

त्याच्या घरमालकाचं नाव पत्रिकेत 'महाप्रसाद सौजन्य' म्हणून फोटोसकट छापलेलं होतं. घरमालक त्या रात्री कुठे होते ते मी लिहीत नाही. बैलगाड्याच्या घाटावरून उशिरा आले होते, एवढं सगळ्या आळीला ठाऊक आहे.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा सप्ताह सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. पहाऱ्याचा कागद देवळाच्या खांबाला चिकटवलेला असायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. भांडण कशाचं, तर रात्री दोन ते चारचा पहारा अमक्या भावकीला का दिला, आम्हाला का नाही. माझ्या सासऱ्यांनी त्यापायी सख्ख्या चुलतभावाशी महिनाभर अबोला धरला होता. अवघड वेळेचा मान मोठा, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. दिवसभर कांदा काढून वाकलेली माणसं रात्री ताठ उभी राहायची. आता अवघड वेळ पैसे देऊन काढता येते. तशी ती काढली की मान कुठे जातो, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

मधल्या काळात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. चाकणला 1999 साली बजाजचा कारखाना आला, 2009 साली फोक्सवॅगन आली, मागोमाग महिंद्रा आणि इतर कितीतरी. चाकणचा कांदा-बटाटा एवढंच ज्या गावांचं भांडवल होतं, त्यांच्या जमिनीला गुंठ्याच्या भावाने पैसे मिळाले. काहींनी ते उडवले. गाड्या घेतल्या, गळ्यात गोफ घातले, निवडणुका लढवल्या, आणि आज त्यांच्यातले दोघं आपल्याच जुन्या वावरातल्या गेटवर सिक्युरिटीची काठी घेऊन उभे असतात. गुंठामंत्री म्हणून लोकांनी त्यांची टर उडवली. मला त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. त्यातले बरेच जण परत देवळात यायला लागलेत, हरिपाठाला पहिल्या रांगेत बसतात, पंगतीत वाढपी लागतात. मला काळजी आहे ती ज्यांचा पैसा टिकला, वाढला, चाळी झाल्या, शेड झाली, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पडतं, त्यांची. म्हणजे तुमची. आणि आमचीही, आमच्याही मागे बारा खोल्या आहेत.

मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशीच्या महाराजांनी कुंतीचा दाखला दिला. भागवतात कुंती कृष्णाकडे संकटंच मागते, संकट आलं की तुझं दर्शन होतं म्हणून. आपण सगळ्यांनी कूलरच्या वाऱ्यात बसून माना डोलावल्या. मला मात्र कुंतीचं ते मागणं कधी गळी उतरलं नाही. माझं माहेर शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. 1972 साली आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चव ज्याच्या जिभेवर आहे तो देवाकडे दुष्काळ मागणार नाही. कुणी मागावा असं मी म्हणणारही नाही. नातवंडांना शाळेची बस आली, बाळंतिणीला दवाखाना जवळ आला, विहिरीवरून डोक्यावर आणायचे हंडे सुटले. या सगळ्याला नाक मुरडणारी मी कोण?

तुकोबांचंही तेच. 1630च्या त्या मोठ्या दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी त्या दिवाळ्याबद्दल देवाचे उपकार मानले, हे आपण कीर्तनात वर्षानुवर्षं ऐकतो. पण ते उपकार ज्याचं दिवाळं निघालं त्याने स्वतः मानलेत. दुसऱ्याने, तेही भरल्या पोटाने, त्याचं कौतुक सांगू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा त्यांनी पुढे काय केलं ते बघावं. घरच्या सावकारीचे कागद दोघा भावांत वाटून घेतले, आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, स्वतःचं येणं सोडलं. आणि व्यवहार करूच नका असंही ते कुणाला म्हणाले नाहीत. त्यांचे टाळकरी संताजी जगनाडे आपल्या चाकणचे, तेलाचा धंदा घरचा. पोटापाण्याचा उद्योग आणि अभंगाची वही एकाच माणसाच्या हातात होती. म्हणजे पैशाचं आणि विठ्ठलाचं वाकडं नाही.

मग वाकडं कुठे शिरतं? माझ्या बुद्धीला एवढंच कळतं की टंचाईत चूक लगेच अंगाशी येते, सुबत्तेत येत नाही. पहाऱ्याला माणूस नाही, तर भाड्याने मिळतो. भाकरी भाजायला हात नाहीत, तर केटरर आहे. बहीण दुखावली, तर तिला पैठणी. ओढा नासला, तर घरात फिल्टर. प्रत्येक चुकीवर टाकायला आपल्याकडे पैसे आहेत, म्हणून चूक ही चूक वाटतच नाही. गरिबीत देव आठवायचा कारण दुसरं कुणी नव्हतं, हे खरं. पण त्याच गरिबीत शेजारीही आठवायचा, कारण त्याच्यावाचून अडायचं. आता कुणावाचूनच अडत नाही. असा माणूस रोज माळ ओढत असला, दारात तुळस असली, एकादशी पाळत असला, तरी तो आत कुठेतरी बंद पडत चाललेला असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. दुखत नाही ना कुठे.

भाकरीचं घ्या. पूर्वी सप्ताहाच्या पंगतीला आळीची पाळी असायची. आमटी देवळामागे चुलाणावर शिजायची, आणि भाकरी घराघरातून यायच्या. ज्याच्या घरात जेवढी माणसं त्या मानाने भाकरी, कुणी पाच, कुणी पंधरा. पोरं पाट्या घेऊन फिरायची, वर धडपं टाकलेलं. पाटी परत आली की माझी सासू आणि खालच्या आळीची आत्याबाई त्या भाकरी मोजून रचायच्या, आणि रचता रचता त्यांना गाव कळायचं. अमकीच्या भाकरी यंदा पातळ आल्या, म्हणजे पीठ पुरवलंय. तमकीकडून तीनच आल्या, म्हणजे नवरा परत पिऊन पडलाय. एका घरातून आल्याच नाहीत, म्हणून आत्याबाई स्वतः गेल्या, तर ती बाई तापाने फणफणलेली, पोरं उपाशी. त्या रात्री पंगतीतलं पहिलं ताट त्या घरी गेलं. हे सगळं कुठल्या ठरावात नव्हतं. आता केटररकडे गुलाबजाम, जिलेबी, मटकी, मसालेभात, सगळं गरम आणि वेळेवर. चवीला नावं ठेवत नाही मी, त्या मसालेभाताला तोड नाही. पण त्या ताटावरून कुणाच्या घरात काय चाललंय ते कळत नाही. मागच्या वर्षी वरच्या आळीतल्या एका घरात सुनेने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांनाही ते पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेही पोलीस आल्यावर.

आता बहिणींचं लिहिते. हे वाचून काही जण पत्र खाली ठेवतील, ठेवू देत. लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा 1994 सालीच महाराष्ट्राने कायद्याने दिला, 2005 साली देशाने दिला. आपल्या गावात जमिनीचे व्यवहार व्हायला लागले तसं तहसील कचेरीसमोरच्या हॉटेलात एक दृश्य नेहमीचं झालं. सासरहून बोलावून आणलेली बहीण, समोर मिसळ, बाजूला वकिलाचा माणूस आणि हक्कसोडपत्र. 'माहेर तुटू देऊ नकोस' एवढं वाक्य पुरतं. बहुतेकींनी सही केली, रागाने केली, रडत केली, काहींनी खरोखर खुशीने केली. त्यांना साडी मिळाली. भावाच्या खात्यात कोट आले. मग सप्ताहात काल्याच्या दिवशी आपण स्टेजवरून 'माहेरवाशिणींचा सन्मान' करतो, प्रत्येकीला एक खण, एक नारळ, आणि फोटो. माझी नणंद त्या रांगेत उभी राहते. ती एक शब्द बोलत नाही, मलाच तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही. ज्या पैशातून सप्ताहाची वर्गणी निघते त्यात तिचाही वाटा आहे, हे देवाला माहीत आहे आणि खजिनदारांनाही. आमच्या घरात यावर काय चाललंय ते घरात चाललंय. गावाने निदान तो सन्मानाचा कार्यक्रम तरी थांबवावा. ज्यांना खरोखर सन्मान करायचाय त्यांनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन करावा, तिथे बक्षीसपत्र करून देतात.

आणि ओढा. 2008 साली शिंदे-वासुलीला डाऊ केमिकलचं केंद्र येणार होतं, तेव्हा हाच तालुका उठला होता. वारकरी पुढे होते, बायका पुढे होत्या. भामचंद्राचा डोंगर तुकोबांच्या तपाची जागा, त्याच्या पायथ्याला रसायनं नकोत, इंद्रायणीत घाण नको, हे आपलं म्हणणं होतं. शेवटी त्या कंपनीला ती जागा सोडावी लागली. तेव्हा जे जाळपोळीचं झालं त्याचं समर्थन मी करत नाही, पण आपण जागे होतो एवढं म्हणते. आज आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, वारीत माणसं त्या फेसातच आंघोळ करतात, आणि आपण म्हणतो कंपन्यांनी केलं, पिंपरी-चिंचवडने केलं. त्यांनी केलंच. पण आपल्या गावात चाळी किती झाल्या, त्यातल्या किती संडासांचा पाइप सरळ ओढ्यात सोडलाय? रात्री टॉर्च घेऊन जा, मोजायला फार वेळ लागणार नाही. तो ओढा शेवटी इंद्रायणीलाच जातो. परक्या कंपनीशी भांडताना आपल्याला तुकोबा आठवले. भाडं गोळा करताना आठवत नाहीत, कारण तिथे भांडायचं तर आरशाशी भांडावं लागेल.

त्या चाळींत राहणारी माणसं परभणी, लातूर, बुलढाण्याची आहेत, बिहार-यूपीचीही आहेत. त्यांच्याकडून वर्गणी घेत नाही म्हणून त्यांना पत्रिका देत नाही, पत्रिका देत नाही म्हणून ती पंगतीला येत नाहीत, आणि मग आपण म्हणतो, भाडेकरूंना काय पडलंय आपल्या गावाचं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हरिपाठ तोंडपाठ आहे, आपल्या नातवंडांना पहिला अभंग येत नाही. कुणी कुणाला शिकवायचं ते ठरवा.

तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्हाला बोलायला काय जातं, पोरं येत नाहीत, त्यांना झोप आवरत नाही, सकाळी ड्युटी असते. ड्युटी त्या परभणीच्या पोरालाही होती. आणि पोरं येत नाहीत यात पोरांचा दोष मला कमी दिसतो. त्यांना आपण बोलावतो ते डीजे लावायला, कमानी बांधायला, गाड्यांचं पार्किंग बघायला आणि फ्लेक्सवर फोटो द्यायला. रात्री दोन वाजता देवापुढे एकटं उभं राहायला कुणी बोलावलंय त्यांना? दोन तास खांदा भरून येतो, पायाला मुंग्या येतात, तोंडाने रामकृष्ण हरी चालू असतं आणि डोक्यात नको नको ते येतं. पहिला तास तर नुसता हिशेबच येतो डोक्यात, कुणाचं भाडं थकलंय, कुणाचा चेक आला नाही. तो हिशेब दमतो आणि मग थोडा वेळ काहीच नसतं. तेवढ्यासाठी सप्ताह आहे असं मला वाटतं, बाकी सगळा मांडव. हे स्क्रीनवर दाखवता येत नाही आणि बिदागी देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. आळंदीची पोरं गुणी आहेत, त्यांच्या शिक्षणाला पैसे जरूर द्या, जास्त द्या. पण तुमचा पहारा त्यांच्या खांद्यावर देऊ नका.

माझं मागणं मोठं नाही. हेलिकॉप्टर रद्द करा, त्या पैशातून चाळींच्या मागे सांडपाण्याची सामाईक लाइन टाकायला सुरुवात करा, ग्रामपंचायतीकडे निधी मागायचा तर तोही मागा. सात दिवसांतल्या एका दिवसाची पंगत केटररकडून काढून घ्या आणि घराघरातून भाकरी येऊ द्या. चाळींतल्या खोल्यांतूनही. चपात्या आल्या तरी चालतील, यूपीवाल्यांना भाकरी जमत नाही. कीर्तनकारांची बिदागी देवळाच्या फळ्यावर लिहा. आकडा लिहायला लाज वाटत असेल तर तो द्यायलाही वाटायला हवी. आणि पहाऱ्याचा कागद पुन्हा खांबाला लावा.

तो कागद आम्ही केला आहे. महिला भजनी मंडळाच्या बायकांनी रोजची दुपारची वेळ घेतली आहे, आणि पहिल्या दोन रात्रींचा दोन ते चार. रात्री बायकांनी वीणा घ्यावी का, यावर ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी रात्री दोन वाजता येऊन घालावा, म्हणजे माणूस तर येईल. तिसऱ्या रात्री परभणीच्या त्या पोराने स्वतःहून नाव दिलंय, त्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट आहे, तरी. बाकी रकाने कोरे आहेत. अध्यक्ष आबांचा गुडघा दुखतो हे आम्हाला माहीत आहे, त्यांच्यासाठी सकाळचा आठ ते दहा राखून ठेवला आहे. खजिनदार भावजींना चौथी रात्र सुचवली आहे.

कागद पारावर आमच्या घराच्या बाजूच्या खांबाला लावला आहे, पेन दोरीने बांधलं आहे. पुढच्या मिटिंगला आम्ही येणार आहोत, बोलावलं नाही तरी.

आपली,
देवळाशेजारच्या घरातली सून,
महिला भजनी मंडळ